तपासणी पूर्ण, जागेवरून हलवू नये

भिंगरीचा फोन आला तेव्हा मी दूध तापवत होते. दूध तापवताना मी फोन घेत नाही हे घरात सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे तो ह्यांनी घेतला. "अगं, शनिवारी? स्टँडअप? तू?" असं तीनदा ओरडून त्यांनी फोन माझ्या कानाला लावला. दूध वर आलं होतं. मी गॅस बंद केला आणि मग "बोल" म्हटलं.

भिंगरी म्हणजे माझ्या बहिणीची मुलगी. विमा कंपनीत नोकरी करते आणि दिवसभर लोकांचे दावे फेटाळते, त्यामुळे संध्याकाळी तिला कोणाचं तरी भलं करावंसं वाटत असावं.

"मावशी, माझा पहिला कार्यक्रम आहे. टायरच्या दुकानावर तो छोटा कॉमेडी क्लब आहे ना, तिथे. तू यायचंच."

"येते."

"पण एक अट आहे. राग मानू नकोस. तुझा चेहरा मला दिसता कामा नये."

मी गप्प बसले. माझ्या गप्प बसण्याचा लोक नेहमी काहीतरी अर्थ लावतात.

"बघ, रागावलीस. मावशी, तुझा चेहरा समोर आला की मला तोंडी परीक्षा आठवते. आई कशालाही हसते. बाबा आईकडे बघून हसतात. तू आजपर्यंत एकदाही हसलेली नाहीस. मी विनोद केला की तू पाणी प्यायला उठतेस. तू नसलीस तर मला चैन पडणार नाही आणि तू दिसलीस तर माझी दातखीळ बसेल. म्हणून ये, पण दिसू नकोस."

इथे वाचकांसाठी एक खुलासा करणं भाग आहे. मी हसते. पुष्कळ हसते. भिंगरीच्या विनोदांना तर मी ती बोबडं बोलायची तेव्हापासून हसत आले आहे. अडचण एवढीच की माझ्या हसण्याला आवाज नाही. तोंड उघडतं, डोळे मिटतात, खांदे कानांना टेकतात, डोळ्यांतून पाणी वाहू लागतं आणि चेहऱ्याचा रंग आम्लात बुडवलेल्या लिटमससारखा होतो. कॉलेजात एकदा मी प्रयोगशाळेत हसले, तर मैत्रिणीने प्रथमोपचाराची पेटी आणली. तेव्हापासून हसू येतंय असं वाटलं की मी "पाणी पिऊन येते" म्हणते आणि स्वयंपाकघरात जाऊन, फ्रिजचं दार उघडून, त्याच्याआड हसते. हे गुपित फक्त ह्यांना ठाऊक आहे, कारण विजेचं बिल ते भरतात.

भिंगरीला हे तेव्हाच सांगून टाकायला काय हरकत होती, असं कोणी विचारेल. पण शनिवारी पहिल्यांदा माईक हातात धरणाऱ्या मुलीला "मी आतून हसते हो" असं फोनवर सांगणं म्हणजे नुसती समजूत घातल्यासारखं झालं असतं. पुराव्याशिवाय विधान करायची मला सवय नाही. मी "नाही दिसणार" असं म्हटलं आणि दुधावर झाकण ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी क्लबच्या व्यवस्थापकाला फोन केला. शेवटच्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या जागा राखून मिळतील का, असं विचारलं.

"मॅडम, आमच्याकडे पुढच्या रांगा आधी भरतात. पुढे रिकामं दिसलं की कलाकार खचतो."

"मला मागेच बसायचंय."

"तसं कारण असेल तर देतो. पत्रकार आहात?"

"नाही."

"पायाला प्लास्टर वगैरे?"

"नाही."

"गरोदर?"

मी माझं वय सांगितलं.

"मग पुढे बसा की मॅडम," तो मायेने म्हणाला. "हसतमुख माणसं पुढे हवीच असतात."

हे सगळं ह्यांनी जिन्यात सांगितलं. आमच्या इमारतीत जिन्यात सांगणं म्हणजे घोषणा करणं. अर्ध्या तासात तळमजल्यावरच्या काकू वर आल्या. काकूंची कंबर नाजूक असल्यामुळे त्या आपली उशी बरोबर घेऊनच फिरतात. उशी आमच्या सोफ्यावर ठेवून, तिच्यावर बसून त्या म्हणाल्या, "मागे मुळीच बसू नकोस. मागे लपणाऱ्यालाच ते विनोदवाले पकडतात. वर्गात कसं? बाई शेवटच्या बाकावरच्यालाच उभं करायच्या. तू पहिल्या रांगेत बस. ताठ. त्याच्या डोळ्यांत बघ. तोच घाबरेल."

"काकू, मला भिंगरीला घाबरवायचं नाहीये."

"मग मी बसेन पहिल्या रांगेत. माझं तिकीट काढलंय ना?"

तोवर समोरच्या दारातले मोजणीसाहेब आले. जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण अजूनही ते कोणाच्या घरी गेले की आधी भिंतींकडे बघतात. त्यांचं मत पडलं की माणसाने नेहमी मध्यभागी बसावं. "चारही बाजूंनी शेजारी. हद्द सुरक्षित. अतिक्रमण झालंच तर आधी दुसऱ्यावर होतं." हे सांगून त्यांनीही आपल्याला तिकीट लागेल असं सुचवलं.

आमच्या ह्यांना मात्र पुढेच बसायचं होतं, आणि त्याला वेगळंच कारण होतं. असल्या कार्यक्रमात कलाकार समोरच्याला "तुम्ही काय करता?" असं विचारतात हे त्यांनी कुठेतरी पाहिलं होतं. त्यावर त्यांनी एक उत्तर तयार केलं होतं: "विनोदाची वाट बघतोय." हे उत्तर ते दाढी करताना, बूट घालताना, जिना उतरताना वेगवेगळ्या सुरांत म्हणून बघत. कधी सहज, कधी खांदे उडवून, कधी शेवटच्या शब्दाआधी थांबून. आमच्या इमारतीच्या भिंती जाड नाहीत.

मोजता येण्यासारखी गोष्ट असताना मतं ऐकत बसणं हा वेळेचा अपव्यय आहे, असं माझं मत आहे. मी शुक्रवारी दुपारी अर्धी रजा टाकली आणि जागेची पाहणी करायला गेले.

टायरच्या दुकानाशेजारून जिना वर जातो. वर एक लांबट खोली. एका टोकाला वीतभर उंच लाकडी चौथरा, त्याच्यामागे जांभळा पडदा, चौथऱ्यावर माईकचा स्टँड आडवा पडलेला. चौथऱ्याकडे तोंड करून खुर्च्यांच्या रांगा. ज्येष्ठ नागरिकांचा, खुर्चीत बसून करायच्या व्यायामाचा वर्ग नुकताच सुटला होता आणि शिकवणाऱ्या बाई आपल्या चपला शोधत होत्या. त्यांना मी एक प्रश्न विचारला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण चौथरा समोर होता, पडदा समोर होता, माईक समोर होता. विचारायचं काय?

मी कामाला लागले. चौथऱ्यापासून सर्वांत दूरची रांग, तिच्यातला डाव्या हाताचा कोपरा. तिथून चौथऱ्यापर्यंतचं अंतर मोजलं. मधल्या डोक्यांची सरासरी उंची धरून कोन काढला. चौथऱ्यावर उभं राहून कोपऱ्याकडे बघितलं: तिथे चेहरा ठेवला तर भिंगरीला तो फार तर वाटाण्याएवढा दिसला असता. शिवाय मागेच अडगळीच्या खोलीचं दार होतं. हसू अनावर झालं तर आत जाऊन पाणी पिता येण्याची सोय.

एकच गोष्ट जुळत नव्हती. छताला दोन मोठे दिवे होते आणि ते दोन्ही चौथऱ्याकडे वळलेले नव्हते. ते माझ्या कोपऱ्याशेजारच्या विटांच्या भिंतीवर रोखलेले होते. मी बराच विचार केला आणि साफसफाई करताना कोणाचा तरी धक्का लागला असणार असा निष्कर्ष काढला. मोजमापात एकच आकडा बाकीच्यांशी विसंगत आला की तो बाजूला ठेवायचा, हे मी प्रयोगशाळेतल्या नव्या मुलींना स्वतः शिकवते. आता थोडं सावकाश शिकवते.

मग जागा राखण्याचा प्रश्न आला. मी वजनकाटे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. नाजूक काटा एकदा तपासून, पातळीत बसवला की तो बोटभरसुद्धा सरकवायचा नसतो. नाहीतर सगळी मेहनत पाण्यात. म्हणून तपासलेल्या काट्यावर आम्ही पिवळा स्टिकर लावतो. त्यावर गोल शिक्का असतो आणि खाली दोन ओळी: "तपासणी पूर्ण. जागेवरून हलवू नये." छपाईत रंग जरा गडद आल्यामुळे बाद झालेले असे काही स्टिकर माझ्या पर्समध्ये असतात, घरी डब्यांना उपयोगी पडतात. मी चार खुर्च्या निवडल्या, त्यांचे पाय डुगडुगत नाहीत याची खात्री केली आणि चौघींच्याही पाठींवर एकेक स्टिकर लावला. लोक विनंतीला मान देत नाहीत, पण स्टिकरला देतात, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. या बाबतीत माझं काहीच चुकलं नाही. चुकलं नाही हाच सगळा घोटाळा झाला.

शनिवारी संध्याकाळी आम्ही चौघं निघालो. निघताना काकूंची उशी राहिली. ती आणली तेव्हा मोजणीसाहेबांना दुसरा रस्ता जवळचा आहे असं आठवलं. तो जवळचाच होता, फक्त बंद होता. एकूण आम्ही पोचलो तेव्हा कार्यक्रम सुरू व्हायच्या बेतात होता आणि जिन्यापर्यंत लोकांचा कलकलाट ऐकू येत होता. मी निश्चिंत होते. आपल्या जागा आहेत.

वर जाऊन दारात उभी राहिले आणि मला क्षणभर वाटलं की आपण दुसऱ्याच इमारतीत आलो आहोत.

खोली उलटी झाली होती. चौथऱ्यावर एक मुलगा आवाजाची यंत्रं मांडून बसला होता. सगळ्या खुर्च्या चौथऱ्याकडे पाठ करून, पार पलीकडच्या विटांच्या भिंतीकडे तोंड करून मांडल्या होत्या. त्या भिंतीपुढे जमिनीवरच माईक उभा होता आणि दोन्ही मोठे दिवे त्याच्यावर पडले होते. ते दिवे मुळीच चुकीचे नव्हते; कालची मांडणी व्यायामाच्या वर्गाची होती. त्या खोलीत मी सोडून सगळं योग्य जागी होतं.

आणि माईकच्या शेजारी, जरासं पुढे, लख्ख उजेडात, चार खुर्च्या होत्या. त्या कोणी हलवल्या नव्हत्या. फिरवल्याही नव्हत्या. साऱ्या खोलीने त्यांच्याभोवती दिशा बदलली होती, आणि त्या चौघी प्रेक्षकांकडे तोंड करून, शाळेच्या स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुण्यांना ठेवतात तशा उभ्या होत्या.

"जागा छान मिळाल्या," हे म्हणाले.

घामाघूम झालेला व्यवस्थापक धावत आला. "या चार सोडून सगळं भरलंय. बसा पटकन."

"त्या फिरवून घ्या ना," मी म्हटलं.

"हात लावू नका!" तो कुजबुजत ओरडला. "सील आहे त्यांना. आमचा इमारत तपासणीचा अर्ज किती दिवस अडकला होता. काल दुपारी साहेब गुपचूप येऊन गेले आणि चार खुर्च्या पास करून गेले. बाकीच्या राहिल्यात, पण सुरुवात तर झाली!"

मी खरं बोलायचं ठरवलं. मी नेहमीच ठरवते. "अहो, तुमचा गैरसमज झालाय. ते स्टिकर मी लावलेत."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. मग तो एक पाऊल मागे सरकला. "तुम्ही तपासणीतल्या?"

"हो, म्हणजे वजनकाट्यांच्या..."

"मॅडम! आधी सांगायचंत! फोनवर मी तुम्हाला काय काय विचारलं!"

"ते जाऊ द्या. खुर्च्या फिरवा. मी परवानगी देते."

"लेखी द्याल?"

"आत्ता कागद नाही. सोमवारी देते."

"मग सोमवारी फिरवतो," तो नम्रपणे म्हणाला. "आणि उभं राहायची परवानगी नाहीये हं मॅडम, रस्ता अडतो. तुम्हाला मी काय सांगणार."

मी परत जावं असा विचार केला. पण मागच्या दाराआड, अडगळीच्या खोलीत, भिंगरी नंबर यायची वाट बघत उभी असणार होती, आणि मी आले आहे असा निरोप तिच्या आईने एव्हाना तिला दिलाही असणार. मी त्या खुर्च्यांकडे शांतपणे पाहिलं. ती त्या दारातून येऊन माईकशी उभी राहणार होती. तिला माझ्या डोक्याची मागची बाजू दिसणार होती. फक्त मागची.

"अट तर पाळली जातेय," हे म्हणाले. आमच्या संसारात आमचे विचार असे क्वचितच एकत्र पोचतात.

आम्ही चौघं जाऊन बसलो. काकूंनी आधी उशी झटकली, फिरवली, ठेवली आणि तिच्यावर बसल्या, तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोजणीसाहेबांनी सवयीने हात जोडले. पुन्हा टाळ्या. माझी बहीण आणि मेव्हणे तिसऱ्या रांगेत होते, ताई मला खुणेने "काय हे?" असं विचारत होती, आणि मी खुणेने "नंतर सांगते" असं सांगत होते, आणि हे सगळं सबंध खोली बघत होती.

निवेदक तरुण होता, हडकुळा, बाह्या वर केलेला. आमच्याकडे बघून तो थबकला. "परीक्षक मंडळ कोणी बोलावलं?" इथून त्याने सुरुवात केली. मग तो वाकून आमच्या खुर्च्यांमागचे स्टिकर माईकवर मोठ्याने वाचू लागला. "तपासणी पूर्ण. जागेवरून हलवू नये. काका, हे खुर्चीबद्दल आहे की तुमच्याबद्दल?"

हे सावरून बसले. त्यांचा क्षण आला होता. त्यांनी घसा साफ केला. मला खांद्याजवळ त्यांचा श्वास थांबल्याचं जाणवलं.

पण निवेदक पुढे सरकला आणि काकूंपुढे माईक धरून म्हणाला, "आजी, तुम्ही काय करता?"

काकूंनी एक क्षणही घेतला नाही. "विनोदाची वाट बघतेय, बाळा."

खोली अक्षरशः उसळली. प्रेक्षकांच्या मागे चौथऱ्यावरच्या मुलाने यंत्रावर डोकं टेकलं. निवेदकाने काकूंच्या पायाला हात लावला. काकू तृप्तपणे उशीवर सरकल्या आणि ह्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "थांबायचं नाही मध्ये. सरळ म्हणून टाकायचं. मी किती दिवस ऐकतेय वरून." हे पुढचा सबंध कार्यक्रमभर कोणाशी बोलले नाहीत.

दोघं कलाकार येऊन गेले. दोघांनीही आमच्यावर हात धुऊन घेतले. मी समोरच्या भिंतीवरच्या एका खिळ्याकडे बघत बसले होते. आणि मग निवेदकाने भिंगरीचं नाव पुकारलं.

मागचं दार उघडलं. तिची पावलं मला ओळखू आली. घाबरली की ती टाचा उचलून चालते. माझ्या खांद्यामागे येऊन ती थांबली. तिथून तिला चार पाठमोरी डोकी दिसत असणार, आणि त्यांतला एक अंबाडा तिच्या परिचयाचा. तिचा आवंढा माईकमधून सगळ्या खोलीला ऐकू गेला.

पहिला विनोद तिने विमा कंपनीवर केला. कोणी हसलं नाही. दुसरा ऑफिसातल्या लिफ्टवर. तिसऱ्या रांगेतून ताई एकटीच मोठ्याने हसली, आणि आईने एकटीनेच हसणं हे कोणीच न हसण्यापेक्षा वाईट. प्रेक्षकांत खुर्च्या करकरू लागल्या. तिचा आवाज बारीक होत चालला. मला मागे वळून बघावंसं वाटत होतं आणि तेवढंच नेमकं करायचं नव्हतं. मी हात मांडीवर घट्ट धरून बसले.

"मला एक मावशी आहे," भिंगरी म्हणाली. मागे काहीतरी बदललं. टाचा जमिनीला टेकल्या असाव्यात. "ती वजनकाटे तपासते. घरीसुद्धा. पाहुण्यांना विचारते, चहात साखर किती? पाहुणे म्हणतात, थोडीशी. मावशी म्हणते, 'थोडीशी' म्हणजे किती? आमच्याकडे लोक बिनसाखरेचा चहा पितात. मधुमेह नाही. भीती."

मी खिळ्याकडे बघितलं.

"लहानपणी मी तिला विचारलं, मावशी, मी छान दिसते का गं? ती म्हणाली, कोणाच्या तुलनेत?"

हे मी खरोखरच म्हटलं होतं. मला ती पायरीवर बसलेली, नवा फ्रॉक घातलेली भिंगरी डोळ्यांपुढे दिसली, आणि माझे खांदे वर जाऊ लागले. "पाणी पिऊन येते" म्हणायला मी तोंड उघडलं. ते उघडलं ते उघडंच राहिलं.

पहिल्या रांगेत एक चष्मेवाली बाई होती. तिने माझ्याकडे बघितलं, नवऱ्याला कोपर मारलं आणि खुदकन हसली. मग तो हसला. मग त्यांच्या मागची रांग. माझे डोळे मिटले, खांदे कानांना लागले, अश्रू हनुवटीपर्यंत आले. आवाज मात्र काडीचाही नव्हता. खोलीभर हशा पसरत गेला. मागे भिंगरीचा श्वास मोकळा झालेला ऐकू आला. तिला वाटलं, विनोद चढला. तो चढलाच होता. फक्त वाटेत माझ्या चेहऱ्यावर थांबून लोकांपर्यंत जात होता.

"मी पडले, गुडघा फुटला, रडत घरी आले. आई म्हणाली, अगं माझ्या सोन्या! मावशी म्हणाली, आधी सांग, कुठल्या दिशेला पडलीस?"

आता टाळ्यासुद्धा. भिंगरीचा आवाज सुटला, घरात बोलते तसा झाला. पण इथे एक तांत्रिक अडचण उभी राहिली. हे सगळे प्रसंग माझ्याच बाबतीत घडलेले असल्यामुळे गोष्ट कुठे जाणार हे मला आधीच कळत होतं. "एकदा काका मावशीवर चिडले..." एवढंच ती म्हणाली, आणि काका चिडून "तुला शंभरदा सांगितलं" म्हणतात, त्यावर मी "सात वेळा" म्हणते, हे मला आठवून मी खुर्चीत दुमडले. माझ्याबरोबर सगळी खोली दुमडली.

भिंगरी थांबली. "अहो, मी अजून सांगितलंच नाहीये."

हशा दुप्पट झाला. मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "अहो, पुढे येऊन बघा!"

"काय बघू?"

"मावशी!" पंधरा-वीस जण एकदम.

माईकची वायर फरशीवर घसरल्याचा आवाज आला. टाचा टेकलेली पावलं माझ्या खुर्चीला वळसा घालून आली आणि माझ्यासमोर थांबली. मी चेहरा सावरायचा प्रयत्न केला. तो सावरण्यासारखा राहिला नव्हता. मी डोळे उघडले. भिंगरी वाकून माझ्या चेहऱ्याकडे बघत होती, जणू कोणीतरी तिला रोजच्या घरात एक जास्तीची खोली दाखवली होती.

"मावशी," ती म्हणाली. माईक तोंडाशीच होता, पण ती तो विसरली होती. "तू हसतेयस?"

मी मान हलवली.

"ही अशी केव्हापासून हसते?"

आता हे उठून उभे राहिले. त्यांना शेवटी कोणीतरी काहीतरी विचारलं होतं. "पहिल्यापासून," ते म्हणाले. "तू विनोद केलास की ही आत जाऊन फ्रिज उघडते आणि त्याच्याआड हसते. बर्फ टिकत नाही आमच्याकडे."

तिच्या डोक्यात ती सगळी पाणी पिणी एकामागून एक उलगडत होती, ते मला दिसत होतं. तिच्या वाढदिवसाला, परीक्षेच्या आदल्या रात्री, नोकरी लागली त्या दिवशी. इतकी तहान एका माणसाला कशी लागेल हा प्रश्न विमा कंपनीतल्या मुलीला आधी कसा पडला नाही, कोण जाणे. मग ती माईकशेजारच्या स्टुलाकडे गेली, कलाकारांसाठी ठेवलेला पाण्याचा ग्लास उचलून आणला आणि माझ्या हातात दिला.

"पी," ती म्हणाली. "पण आज इथेच बसून पी."

त्या वाक्यावर झालेला हशा खाली टायरच्या दुकानात ऐकू गेला, असं व्यवस्थापक नंतर सांगत होता. मला पाणी पिता आलं नाही. ते बरंचसं काकूंच्या उशीवर सांडलं.

तिला दिलेली सात मिनिटं कधीच संपली होती. तिला कोणी थांबवलं नाही.

सोमवारी मी लेखी खुलासा देऊन आले: सदर स्टिकर वजनकाट्यांचे असून खुर्च्यांना लागू नाहीत. व्यवस्थापकाने तो दोनदा वाचला आणि विचारलं, "मॅडम, स्टिकर काढून नेणार असाल तर न्या, पण पुढच्या शनिवारी तुम्ही याल ना? त्याच जागेवर?" मी बघते असं म्हटलं. ह्यांनी मात्र लगेच होकार दिला. त्यांच्याकडे आता नवं उत्तर आहे. ते त्याची तालीम गच्चीवर करतात.

काढून आणलेल्या स्टिकरांपैकी एक भिंगरीने मागून घेतला. पुढच्या रविवारी ती जेवायला आली तेव्हा तिने तो आमच्या जेवणाच्या टेबलापाशी, माझ्या खुर्चीच्या पाठीवर नीट सरळ चिकटवला. बुडबुडा राहू नये म्हणून अंगठ्याने दाबला. मग समोर बसून तिने ऑफिसातली एक हकिगत सुरू केली: एका गृहस्थाने आपल्या पोपटाच्या हरवल्याचा दावा केला होता आणि पुरावा म्हणून दुसरा पोपट आणला होता.

पोपटापर्यंत आल्यावर मला फार तहान लागली. मी हात टेकून अर्धवट उठलेसुद्धा.

भिंगरी बोलायची थांबली नाही. तिने नुसतं माझ्या खुर्चीच्या पाठीकडे बोट केलं.

मी खाली बसले.